आपत्तीच्या तक्त्यात जातीचा रकाना कुठे आहे?

दरड कोसळली, पूर आला, टाळेबंदी लागली की एक वाक्य हमखास ऐकू येते. "संकटात कसली आलीय जात? सगळे सारखेच भरडले जातात." टीव्हीवरचा निवेदक हे म्हणतो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे फिरते आणि मदतीचा ट्रक घेऊन निघालेल्या संस्थांचे कार्यकर्तेही मोठ्या भक्तिभावाने हेच सांगतात. आमचे त्यांच्याकडे एकच मागणे आहे. जात नाही म्हणता ना, मग मोजून दाखवा. मदत कोणाला पहिल्या दिवशी मिळाली, कोणाला आठव्या दिवशी मिळाली, कोणाला मिळालीच नाही, याचा तक्ता जातनिहाय मांडा. त्यात भेद दिसला नाही तर आम्ही जाहीरपणे तुमचे अभिनंदन करू.

पण असा तक्ता कोणी मांडत नाही, कारण मदतवाटपाच्या नोंदीत जातीचा रकानाच नसतो. मोजले नाही म्हणून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून नाहीच, असे हे सोयीस्कर तर्कशास्त्र आहे. या लेखात आम्हाला त्याचाच समाचार घ्यायचा आहे आणि तो घेताना आंबेडकरी तरुणांपुढे एक काम ठेवायचे आहे.

कायदा आहे, मोजमाप नाही

आधी कायद्याचे बोलू. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला. त्याचे कलम ६१ स्पष्ट सांगते की आपत्तीग्रस्तांना मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांच्या आधारे कोणताही भेदभाव करता येणार नाही. म्हणजे संकटात जात असते, हे आम्ही म्हणण्याच्या आधी देशाच्या संसदेनेच मान्य केले आहे. नसती तर कलम कशाला लिहिले असते?

आता पुढचा प्रश्न. या कलमाचा भंग झाला की नाही हे ठरवायचे कसे? तलाठी पंचनामा करतो. त्यात घराची पडझड येते, पिकाचे क्षेत्र येते, मेलेली जनावरे येतात. तहसीलमधून जिल्ह्याला अहवाल जातो, त्यात बाधित गावे, बाधित कुटुंबे आणि वाटलेली रक्कम येते. या सगळ्या साखळीत बौद्धवाडा, मातंगवस्ती, पारध्यांची पाले, ठाकरवाडी यांना गावाच्या तुलनेत काय आणि कधी मिळाले, हे एका नजरेत सांगणारी एकही ओळ नसते. भेदभावाला बंदी आहे, पण तो पकडण्याचे साधन कोणाच्याच हातात दिलेले नाही. वेगमर्यादेची पाटी लावायची आणि वेग मोजणारे यंत्र लावायचे नाही, असा हा प्रकार आहे.

आकडा नाही म्हणून भरपाईही नाही

माहिती नसणे हा निव्वळ आळस असतो असे समजू नका. कित्येकदा ते धोरण असते. २०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर पायी निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांच्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या साऱ्या देशाने पाहिल्या. आणि १४ सप्टेंबर २०२० रोजी लोकसभेत केंद्रीय श्रम मंत्रालयाने उत्तर दिले की गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही.

हे उत्तर पुन्हा वाचा. माहिती नाही, म्हणून प्रश्न नाही. किती मजूर परतले, तो आकडा मात्र सरकारकडे होता, एक कोटीहून अधिक. जिवंत मोजले, मेलेले मोजले नाहीत. कारण मेलेल्यांचा आकडा सरकारकडून पैसे मागतो.

त्याच काळात स्वान नावाच्या स्वयंसेवकांच्या जाळ्याने काय केले ते पाहा. अडकलेल्या मजुरांचे फोन घेतले, प्रत्येक फोनची नोंद केली आणि त्या नोंदींचे विश्लेषण करून एप्रिल २०२० च्या मध्यात अहवाल काढला. ११,१५९ मजुरांच्या माहितीवरून दिसले की ९६ टक्के मजुरांपर्यंत सरकारी रेशन पोहोचलेलेच नव्हते. "कोणीही उपाशी राहणार नाही" या घोषणेला त्या एका आकड्याने जागच्या जागी उत्तर दिले. यासाठी ना उपग्रह लागला, ना कोट्यवधींचे सॉफ्टवेअर. फोन, एक सामायिक तक्ता आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारण्याची शिस्त, एवढ्यावर हे झाले. हे आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

सातबारा असेल तरच माणूस

काही लोक म्हणतील, मदत गरजेनुसार दिली जाते, जातीचा संबंध येतोच कुठे? त्यांना आम्ही किल्लारीला घेऊन जाऊ इच्छितो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव पट्ट्यात भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला गेला. पुनर्वसित गावांत घर किती मोठे द्यायचे हे कशावरून ठरले? कुटुंबात माणसे किती यावरून ठरले नाही. कोणाचे किती गेले यावरूनही नाही. ठरले ते जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट आणि सात हेक्टरच्या वर असलेल्याला ७५० चौरस फूट.

या नियमात जातीचा उल्लेख कुठेच नाही. पण मराठवाड्यात सात हेक्टरच्या वर जमीन कोणाकडे होती आणि भूमिहीन कोण होते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. भूकंपाने वाडा आणि झोपडी दोन्ही एकाच मिनिटात जमीनदोस्त केली होती. शासनाच्या तक्त्याने ती पुन्हा आपापल्या जागी उभी केली. जात न लिहिता जात कशी राबवता येते, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण आम्हाला माहीत नाही.

हे तीस वर्षांपूर्वीचे झाले म्हणाल, तर २०२५ चा पावसाळा आठवा. मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते वाहून गेली. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. शेतकऱ्याला मदत मिळालीच पाहिजे, कमी मिळाली तर आम्हीही त्याच्या बाजूने उभे राहू. पण पिकाची भरपाई हेक्टरी असते, म्हणजे ती सातबाऱ्याच्या मागे चालते. त्या शेतात सोयाबीन काढायला जाणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या बाईचे काय? तिच्या हंगामाची मजुरी बुडाली, तिचा पंचनामा कोणत्या रकान्यात झाला? पीक वाहून गेल्याची नोंद होते, मजुरी वाहून गेल्याची होत नाही. माहिती गोळा करण्याचा नमुनाच असा बनवला आहे की भूमिहीन माणूस आपत्तीग्रस्त ठरूच नये. सामाजिक न्यायाची लढाई मोर्चाच्या बॅनरवर जितकी असते, तितकीच ती या नमुन्यातल्या रकान्यांतही असते.

यादीत नसलेली वाडी

आता आपल्या शेजारी येऊ. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकर आदिवासींची वाडी, विधानसभेत सांगितले गेले त्यानुसार ४८ कुटुंबे, २२८ माणसे. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे ढिगाऱ्यातच राहिली आणि चार दिवसांनी शोधकार्य थांबवले गेले. वर जायला रस्ता नव्हता. मदतीसाठी डोंगर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारीही दगावला. बेलापूरला मुख्यालय असलेल्या सिडकोकडे पुढे पुनर्वसनाची घरे बांधण्याचे काम आले.

सरकारने तेव्हा काय सांगितले? दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडी नव्हती. म्हणजे यादी होती, पण त्यात ही वाडी नव्हती. हवामान खात्याचा इशारा होता, तीन दिवसांत प्रचंड पाऊस झाल्याची नोंद होती, उतारावर माणसे राहतात हे कोणालाही दिसत होते. ही तीन माहितीची टोके एकत्र बांधणारे कोणी नव्हते.

त्याआधी ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गेले, १५१ माणसे गाडली गेली. तेही प्रामुख्याने आदिवासींचे गाव. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातले तळिये गेले. ज्या महाडात बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मिळवला, त्याच तालुक्यात माणसे पाण्याने सुटलेल्या डोंगराखाली गेली. प्रत्येक वेळी तोच क्रम: आधी यादी नाही, मग हेलिकॉप्टर, मग पाच लाख, मग समिती.

यादी कोण बनवतो, कोणत्या नकाशावर बनवतो आणि गावठाणापासून दूर असलेली वाडी त्या नकाशावर गावाच्या नावाखाली लपते की स्वतंत्र दिसते, हे तांत्रिक प्रश्न वाटतात. पण दलित वस्ती आणि आदिवासी वाडी गावाबाहेर का असते, हा तांत्रिक प्रश्न नाही. महसुली गाव हे एकक धरले की गावकुसाबाहेरचा माणूस आपोआप पुसला जातो. म्हणून आमची मागणी आहे की धोक्याच्या याद्यांचे एकक गाव नको, वस्ती हवी.

नवी मुंबई: एक वस्ती, तीन कपाटे

नवी मुंबई म्हटले की लोकांना पाम बीच रोड आणि काचेच्या इमारती आठवतात. पण दिघा, इलठणपाडा, चिंचपाडा, तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, हनुमाननगर हीसुद्धा नवी मुंबईच आहे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या कडेने आणि डोंगराच्या पायथ्याशी या वस्त्या वसल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून दुष्काळाने हाकललेली माणसे इथे दगडखाणींवर आणि कारखान्यांत राबली. या वस्त्यांच्या एका बाजूला रासायनिक कारखाने आहेत, दुसऱ्या बाजूला खोदलेला डोंगर आहे आणि मधून नाला वाहतो.

अशा वस्तीत उद्या दरड आली, गळती झाली किंवा नाला फुगला, तर किती माणसे बाहेर काढायची हे कोणाला माहीत आहे? जमीन कुठे एमआयडीसीची, कुठे सिडकोची, कुठे वन विभागाची. पाणी आणि कचरा पालिकेकडे. रेशनकार्ड शिधावाटप कार्यालयाकडे. मतदारयादी निवडणूक कार्यालयाकडे. कारखान्यातल्या रसायनांची माहिती आणखी तिसऱ्याच खात्याकडे. प्रत्येकाकडे आपापल्या कपाटात एकेक कागद आहे आणि कोणाचाही कागद दुसऱ्याच्या कागदाशी जुळत नाही. त्यात बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि शेजारचे पनवेल रायगड जिल्ह्यात, म्हणजे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणेही दोन.

महापालिका हद्दीची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ११ लाख २० हजार होती. त्यानंतर जनगणनाच झाली नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालचा महाराष्ट्राचा सुमारे सात कोटी लाभार्थ्यांचा कोटाही त्याच २०११ च्या आकड्यांवर अडकून पडला. २०११ नंतर जन्मलेले किंवा इथे आलेले कुटुंब कोट्याच्या गणितात नाही. कोविडमध्ये रेशनकार्ड नसलेल्यांच्या रांगा लागल्या, त्यामागचे एक कारण हे होते. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी लस ऑनलाइन नोंदणीवर ठेवली. ज्याच्याकडे वेगवान इंटरनेट आणि मोकळा वेळ, तो काही सेकंदांत नोंदणी करून वस्तीतल्या केंद्रावरही येऊन लस घेऊन गेला. यंत्राने कोणाची जात विचारली नव्हती. तरी रांगेत कोण मागे राहिले?

सरासरीचा डाव

इथे विश्लेषण म्हणजे नेमके काय, हे सोप्या हिशेबाने समजून घेऊ. समजा एका गावात ३०० घरे आहेत. २४० घरे गावातली, ६० घरे बौद्ध आणि मातंग वस्तीतली. पुरानंतर २४६ घरांना मदत मिळाली. अहवाल लिहिणारा लिहील: ८२ टक्के कुटुंबांपर्यंत मदत पोहोचली. वर्तमानपत्रात मथळा येईल, अधिकाऱ्याचा सत्कार होईल.

आता तोच आकडा फोडा. गावातल्या २४० पैकी २२२ घरांना मदत मिळाली, म्हणजे साडेब्याण्णव टक्के. वस्तीतल्या ६० पैकी फक्त २४ घरांना, म्हणजे ४० टक्के. दोन्ही तक्ते खरे आहेत. पहिल्या तक्त्यात कार्यक्षम प्रशासन दिसते, दुसऱ्यात कलम ६१ चा उघड भंग दिसतो. सरासरी काढायला हरकत नाही, पण सरासरीवर थांबायचे नाही. थांबलो की वस्ती गावाच्या टक्केवारीत विरघळते.

आकडे फोडले की काय दिसते याचा दाखला मुंबईतच आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांमध्ये कोरोनाची प्रतिपिंडे सापडली, बिगरझोपडपट्टीत १६ टक्के. शहराची एकच सरासरी काढली असती तर हे अंतर कधीच कळले नसते. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने त्याच वर्षी मे महिन्यात वांशिक गटानुसार कोविड मृत्यूंचे आकडे जाहीर केले आणि काळ्या लोकांमधले मृत्यू किती जास्त आहेत यावर तिथल्या संसदेत, माध्यमांत वादळ उठले. आपल्याकडे कोविडमृत्यूंचे वय कळले, लिंग कळले, जिल्हा कळला. जात कळली नाही. इथे वादळ उठायला आकडाच नव्हता.

जगभरच्या मदतसंस्थाही यात सुटत नाहीत. मानवतावादी मदतीच्या ज्या आंतरराष्ट्रीय स्फिअर मानकांचा दाखला सगळे देतात, ती लिंग, वय आणि अपंगत्व यांनुसार माहिती फोडायला आग्रहाने सांगतात. हे चांगलेच आहे. पण दक्षिण आशियात काम करताना जातीशिवाय तक्ता पुरा होत नाही, हे त्यांना सांगावे लागेल, आणि ते आपल्यालाच सांगावे लागेल.

आकड्याची भीती सगळ्याच सत्ताधाऱ्यांना वाटते. सुदानमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये झमझम छावणीत दुष्काळ असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी आकड्यांच्या आधारे काढला. किती घरांत अन्न नाही, किती मुले कुपोषित, दर दहा हजारांमागे रोज किती मृत्यू, अशी मोजपट्टी ठरलेली आहे. तिथल्या सरकारने निष्कर्ष नाकारला आणि वर्षअखेरीस त्या मोजणीच्या व्यवस्थेतूनच अंग काढून घेतले. उपाशी माणसाला खायला देण्यापेक्षा त्याला मोजणाऱ्याला हाकलणे सोपे असते.

बाबासाहेबांचे हत्यार

आपल्यातल्या काही मित्रांना आकडेवारी म्हणजे एनजीओवाल्यांचे काम वाटते. चळवळ रस्त्यावर होते, एक्सेल शीटमध्ये नाही, असे ते म्हणतात. त्यांच्या रागाचा आम्ही आदर करतो, पण हा राग बाबासाहेबांच्या परंपरेशी जुळत नाही.

१९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी काय केले? भावनेचे आवाहन केले नाही. दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शाळेत प्रगत हिंदूंची ११९ मुले आणि मागासवर्गाची १८, असा समाजनिहाय तक्ता मांडला. महाविद्यालयीन शिक्षणात मागासवर्गाचा आकडा जवळजवळ शून्य होता. सगळ्यांसाठी शाळा खुल्या आहेत, या सरासरीच्या वाक्याला त्यांनी फोडलेल्या आकड्यांनी उत्तर दिले. सायमन कमिशनपुढे १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने दिलेले निवेदनही असेच आकड्यांनी भरलेले होते.

आणि उलट बाजूही त्यांनी पाहिली होती. १९३२ च्या लोथियन समितीच्या वेळी, अस्पृश्यांना राजकीय वाटा मिळणार असे दिसताच काही प्रांतांत अस्पृश्यांची संख्या अचानक आटली. कालपर्यंत विहिरीवर ज्यांना ओळखून हाकलले जात होते, ते मोजायची वेळ येताच सापडेनासे झाले. या लबाडीवर बाबासाहेबांनी सविस्तर लिहून ठेवले आहे. मोजणी ही सत्तेची लढाई आहे, हे आपल्याला त्यांनी शिकवले आहे.

सेवा आणि हिशेब या दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेत एकत्र आहेत. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाज अन्नदानाला उतरला होता. सावित्रीमाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला गेल्या. आणि त्याच जोतीरावांनी शेतकऱ्याच्या लुटीचा हिशेब मांडणारे पुस्तक लिहिले. नुसती मदत करून ते थांबले नाहीत, लुटीचे कारण शोधत राहिले.

दोन खरे आक्षेप

जातीची नोंद केली तर जात पक्की होईल, हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेत नाही. ताप मोजल्याने ताप वाढत नाही. पण दोन आक्षेप खरे आहेत आणि त्यांना उत्तर द्यायला हवे.

पहिला, ही माहिती आपल्याविरुद्ध वापरली गेली तर? ही भीती खोटी नाही. १९८४ मध्ये दिल्लीत मतदारयाद्या हातात घेऊन जमाव शिखांची घरे शोधत फिरला. म्हणून नियम कडक हवा. नाव, जात, पत्ता आणि फोन एकाच उघड्या यादीत ठेवायचे नाहीत. नावांची वही वेगळी, घर क्रमांकाचा तक्ता वेगळा. व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकायची नाही. बाहेर जाईल तो फक्त वस्तीनिहाय गोळाबेरजेचा आकडा. माहिती देणाऱ्याला ती कशासाठी घेतो हे सांगायचे आणि तो नाही म्हणाला तर पुढच्या घरी जायचे. माहितीची मालकी वस्तीची राहील, संस्थेची नाही आणि नेत्याची तर मुळीच नाही.

दुसरा, आकडे दाखवूनही सरकार हलत नाही. हेही खरे. आकडा एकटा काही करत नाही. पण मोर्चा आकड्यासह गेला तर अधिकाऱ्याला "तक्रार आली नाही" म्हणता येत नाही, माहिती अधिकारातला प्रश्न नेमका होतो, न्यायालयातली याचिका उभी राहते आणि पत्रकाराला बातमी मिळते. रस्त्यावरची ताकद आणि हातातला तक्ता यांत निवड करायची नाही. दोन्ही हवेत.

पावसाळ्याआधीचे काम

शासनाकडे आमच्या मागण्या चार. पंचनामा आणि मदतवाटपाच्या नमुन्यात सामाजिक प्रवर्ग आणि वस्ती यांचे रकाने घाला. मदत मिळाल्याची तारीख नोंदवा, कारण उशीर हाही भेदभाव आहे. भूमिहीनांच्या बुडालेल्या मजुरीचा पंचनामा सुरू करा. आणि प्रत्येक आपत्तीनंतर साठ दिवसांत कलम ६१ च्या पालनाचा प्रवर्गनिहाय अहवाल जाहीर करा.

जनगणनेचा मुद्दाही याला जोडलेला आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची मोजणी होणार आहे आणि तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. अनुसूचित जाती-जमातींची गणती दर जनगणनेत होत आली, तरी ती आपत्तीच्या नियोजनात वापरली गेली नाही, हे विसरू नका. म्हणजे नुसते मोजून घेणे पुरेसे नाही, तो आकडा कुठे वापरला जातो यावर पहारा हवा. बौद्ध बांधवांनी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावेच, पण अनुसूचित जातीच्या रकान्यात यादीतली जात नोंदवली गेली का हेही तपासावे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना मिळालेला अनुसूचित जातीचा हक्क रकान्याच्या गोंधळात हरवू देऊ नका.

आणि आपले काम? ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत आज आपली शेकडो मुले-मुली काम करतात. दिवसभर परदेशी कंपन्यांचा डेटा स्वच्छ करतात, त्याचे आलेख काढतात. विक्री कुठे घसरली हे त्यांना क्षणात सांगता येते. तेच कौशल्य महिन्यातले दोन रविवार आपल्या वस्तीला द्या. एक वस्ती घ्या. दहा जण, दोन रविवार. प्रत्येक घरी ठरलेले मोजके प्रश्न: माणसे किती, त्यात लहान मुले, म्हातारी, अपंग, गरोदर किती, रेशनकार्ड आहे का आणि कोणाची नावे त्यात नाहीत, घर नाल्यापासून, डोंगराच्या कापापासून, कारखान्याच्या भिंतीपासून किती पावलांवर, रोजी की पगारी, गेल्या आपत्तीत काय मिळाले आणि कितव्या दिवशी. वस्तीतल्या बायका सोबत असल्याच पाहिजेत, कारण कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना कागदाआधी माहीत असते.

हा तक्ता मे महिन्यात तयार झाला तर जूनमध्ये तो वॉर्ड ऑफिसला, जिल्हा प्राधिकरणाला पोच घेऊन देता येईल. मग उद्या काही घडले तर "ही वस्ती यादीत नव्हती" असे म्हणायची सोय कोणाला राहणार नाही. आणि मदत आली की त्याच तक्त्यावर खूण करत जा: कोणत्या घराला, कोणत्या तारखेला. पंधरा दिवसांनी आकडे फोडा आणि जे दिसेल ते घेऊन रस्त्यावर या.

१४ एप्रिलला आपण लाखोंनी एकत्र येतो, ६ डिसेंबरला लाखोंनी रांगेत उभे राहतो. आपली संख्या किती, हे त्या दोन दिवशी जगाला दिसते. उरलेल्या ३६३ दिवसांत ती तक्त्यात दिसली पाहिजे, कारण मदतीचा ट्रक गर्दी पाहून नाही, यादी पाहून निघतो. ती यादी आता आपण लिहायला घेऊ.

जय भीम!